जिभेपासून आतड्यापर्यंत : तोंडावाटे घ्यावयाच्या औषधांचे रुचिगोपन व संरक्षक आवरण

गोषवारा

तोंडावाटे घ्यावयाच्या औषधांचा कडूपणा झाकणे आणि औषधाचे जठरातील आम्लापासून रक्षण करणे, या औषधनिर्माणशास्त्रातील दोन जुन्या गरजा आहेत. वरवर पाहता पहिली गरज रुचीची आणि दुसरी संरक्षणाची वाटते. तथापि दोहोंच्या मुळाशी एकच प्रश्न आहे : औषधाने कोठे विरघळावे आणि कोठे विरघळू नये? प्रस्तुत लेखात या प्रश्नाची रासायनिक व शरीरशास्त्रीय बाजू, त्याचा थोडक्यात इतिहास, प्रचलित पद्धती आणि त्यांच्या मर्यादा यांचा परामर्श घेतला आहे. आवरण हा औषधाचा अलंकार नसून औषधाचाच एक कार्यकारी भाग आहे, आणि जिभेचा पहारा चुकविल्यावर तो पहारा प्रयोगशाळेने व समाजाने द्यावा लागतो, हे या लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजशब्द : रुचिगोपन, कडू चवीचे ग्राही, शर्करावेष्टन, पटलावरण, एंटेरिक आवरण, बहुवारिके, बालकांची औषधे.

१. प्रस्तावना

‘कडू कारले, तुपात तळले, साखरेत घोळले, तरी कडू ते कडूच’ ही म्हण आपण माणसाच्या स्वभावाविषयी वापरतो. परंतु औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्याने ती शब्दशः घेतली तरी चालेल. कडू द्रव्यात साखर मिसळली म्हणून कडूपणा नाहीसा होत नाही. साखरेचे रेणू आणि कडू रेणू एकाच वेळी जिभेवर पोहोचतात आणि जीभ दोहोंचीही नोंद स्वतंत्रपणे घेते. क्विनीन, क्लोरोक्विन, रिफॅम्पिसिन, मेट्रोनिडाझोल, क्लॅरिथ्रोमायसिन अशी कितीतरी उपयुक्त औषधे इतकी कडू आहेत की केवळ गोडीने त्यांचा कडूपणा झाकला जात नाही.

हा प्रश्न रुचिपालटाचा नाही. प्रौढ रुग्ण नाक मुरडून का होईना औषध घेतो. दोन वर्षांचे मूल ते थुंकून टाकते किंवा ओकते. अशा वेळी मात्रेचा किती भाग पोटात गेला हे आईला सांगता येत नाही आणि डॉक्टरांनाही कळत नाही. क्षयरोगासारख्या आजारात महिनोन्‌महिने असे घडत राहिले, तर रोग बरा होत नाही आणि जंतूंना औषधाची सवय होण्याचा धोका वाढतो. म्हणून औषधाची चव ही औषधाच्या परिणामकारकतेशी थेट जोडलेली बाब आहे.

२. कडूपणा : जिभेचा पहारा

आयुर्वेदाने मधुर, अम्ल, लवण, कटू, तिक्त व कषाय असे सहा रस मानले आहेत. येथे एक भाषिक घोटाळा टाळावयास हवा. संस्कृतातील ‘कटू’ म्हणजे मराठीतील तिखट. आपण ज्याला कडू म्हणतो तो रस ‘तिक्त’ होय. गुढीपाडव्याला गुळासोबत खाल्ला जाणारा कडुनिंब हा तिक्त रसाचा सर्वांच्या परिचयाचा नमुना आहे.

आधुनिक शरीरशास्त्रानुसार कडू चव ओळखण्यासाठी रुचिकलिकांतील पेशींवर विशिष्ट प्रथिने असतात. त्यांना ग्राही म्हणतात. माणसामध्ये कडू चवीचे सुमारे २५ प्रकारचे कार्यक्षम ग्राही आहेत. तुलनेने गोड चवीसाठी दोन प्रथिनांची एकच जोडी प्रामुख्याने काम करते. या विषमतेचे कारण समजण्यासारखे आहे. वनस्पतींमधील अनेक विषारी द्रव्ये कडू असतात आणि त्यांची रचना परस्परांहून फार भिन्न असते. त्यामुळे कडूपणाची जाणीव हा शरीराने अन्नमार्गाच्या वेशीवर ठेवलेला पहारा आहे, आणि या पहारेकऱ्याला अनेक चेहरे ओळखावे लागतात. औषधाचे रेणूही या पहाऱ्यात सापडतात; कारण औषध आणि विष यांतील भेद पुष्कळदा मात्रेचाच असतो आणि तो जिभेला कळत नाही.

अध्यापनाच्या दृष्टीने येथे दोन गोष्टी नोंदविण्याजोग्या आहेत. एक, जिभेच्या मागच्या भागात कडू व टोकाला गोड चव कळते असे दाखविणारा जो नकाशा अनेक पाठ्यपुस्तकांत छापला जात असे, तो चुकीचा आहे. चवीच्या सर्व प्रकारांची जाणीव जिभेवर जेथे जेथे रुचिकलिका आहेत तेथे होऊ शकते. म्हणून गोळी ‘जिभेच्या टोकावर ठेवली तर कडू लागत नाही’ हा समज निराधार आहे. दुसरी गोष्ट, कडूपणाची तीव्रता प्रत्येकाला सारखी वाटत नाही. आर्थर फॉक्स या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाला १९३१ च्या सुमारास असे आढळले की फिनिलथायोकार्बामाइड हे द्रव्य काहींना अतिशय कडू लागते, तर काहींना बेचव. हा फरक बव्हंशी आनुवंशिक आहे. आपल्या महाविद्यालयांतील प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळांत याची चाचणी अनेकांनी केली असेल. ‘मला तर हे औषध कडू लागत नाही’ असे मुलाला सांगणारे वडील खोटे बोलत असतीलच असे नाही.

रुचिगोपनाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा नियम मात्र याहून साधा आहे. जो रेणू लाळेत विरघळतो त्याचीच चव लागते. न विरघळलेला कण ग्राहीपर्यंत पोहोचत नाही. पुढे वर्णन केलेल्या बहुतेक पद्धती या एका नियमावर उभ्या आहेत.

३. पूर्वपीठिका : अनुपानापासून शर्करावेष्टनापर्यंत

औषध मध, तूप, गूळ किंवा दूध यांच्यासोबत देण्याची अनुपानाची परंपरा आपल्याकडे प्राचीन आहे. अनुपानाची योजना केवळ चवीसाठी नसते. परंतु चाटण मधात कालविल्याने ते घेणे सुसह्य होते हेही खरे. मध व तूप दाट असल्यामुळे चूर्णाचे कण काही काळ वेढले जातात आणि लाळेशी त्यांचा संपर्क कमी होतो. येथे एक सावधगिरीची नोंद आवश्यक आहे. एक वर्षाखालील बालकास मध देऊ नये असे आजचे वैद्यकशास्त्र सांगते, कारण मधातील जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बॉट्युलिझम हा गंभीर विकार होऊ शकतो.

क्विनीन हे कडूपणाचे ऐतिहासिक परिमाण होय. पेल्तिए व काव्हांतू या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १८२० मध्ये ते सिंकोना वृक्षाच्या सालीतून वेगळे केले. हिंदुस्थानात हिवतापावर ते सर्वसामान्यांना मिळावे म्हणून १८९२ पासून बंगालमध्ये टपाल कचेऱ्यांतून एका पैशाला एक अशी क्विनीनच्या भुकटीची पुडी विकली जाऊ लागली. पुडी स्वस्त झाली, पण भुकटीचा कडूपणा तसाच राहिला.

युरोपात याच शतकात आवरणाच्या कल्पनेने वेग घेतला. १८३४ मध्ये मोथ व द्युब्लां या फ्रेंच गृहस्थांनी जिलेटिनच्या कॅप्सूलचे एकस्व मिळविले. १८४३ मध्ये इंग्लंडमध्ये विल्यम ब्रॉकेडन यांनी भुकटी दाबून गोळी बनविण्याच्या साधनाचे एकस्व घेतले. अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे विल्यम वॉर्नर यांनी १८५६ पासून शर्करावेष्टित गोळ्यांचे व्यापारी उत्पादन केले.

शर्करावेष्टनाची कृती मराठी वाचकाला अपरिचित नाही. संक्रांतीचा हलवा ज्या रीतीने करतात तीच ही रीत होय. मंद आचेवरील भांड्यात तीळ किंवा खसखस घेऊन तिच्यावर चमचा चमचा पाक सोडतात, हाताने हलवितात, पाक वाळला की पुन्हा पाक सोडतात. कारखान्यात हाताऐवजी फिरते तिरपे भांडे असते आणि तिळाऐवजी औषधाची गोळी. फरक इतकाच की हलव्यावर काटा यावा अशी गृहिणीची इच्छा असते, तर गोळी गुळगुळीत व्हावी अशी कारखानदाराची. गोळीत पाण्याचा अंश शिरू नये म्हणून आरंभी लाखेचा पातळ लेप दिला जाई, मग डिंक व खडूसारख्या भुकटीचे थर, त्यानंतर पाक, रंग आणि शेवटी मेणाची झिलई. या सर्वांमुळे गोळीचे वजन मूळच्या दीडपट ते दुप्पट होई आणि कामाला काही दिवस लागत. कारागिराच्या हातावर सारे अवलंबून असे.

यासाठी लागणारी लाख ही मुख्यत्वे आपल्याच देशाची देणगी आहे. कुसुम, पळस व बोर या वृक्षांवर वाढणाऱ्या कीटकांपासून ती मिळते. तिच्या अभ्यासासाठी रांचीजवळ नामकुम येथे १९२४ मध्ये संशोधन संस्था स्थापन झाली. औषधांच्या गोळ्यांवरील झिलईतही शुद्ध केलेली लाख वापरली जाते.

४. कडूपणा झाकण्याच्या पद्धती

आज प्रचलित असलेल्या पद्धतींचे स्थूलमानाने चार वर्ग करता येतात.

४.१ स्वाद व गोडी यांची भर : साखर, सॉर्बिटॉल, सुक्रालोज यांसारखी गोड द्रव्ये आणि संत्रे, स्ट्रॉबेरी, पुदिना यांचे स्वाद मिसळणे ही सर्वांत सोपी रीत. मेंथॉलमुळे तोंडात गारवा जाणवून लक्ष विचलित होते. सौम्य कडू औषधांना ही पद्धत पुरते. तीव्र कडू औषधांच्या बाबतीत आरंभी उल्लेखिलेली कारल्याची म्हण लागू पडते. शिवाय साखरयुक्त पातळ औषधे दीर्घकाळ दिल्याने मुलांचे दात किडतात.

४.२ रेणूला कवेत घेणे : सायक्लोडेक्स्ट्रिन हे स्टार्चपासून बनविलेले कड्याच्या आकाराचे संयुग आहे. त्यातील बीटा प्रकारात ग्लुकोजचे सात घटक असतात. कड्याच्या आतील पोकळी पाण्यापासून दूर राहणाऱ्या रेणूंना सामावून घेते. औषधाचा रेणू त्या पोकळीत बसला की ग्राहीशी त्याची गाठ पडत नाही. सेटिरिझिन या ॲलर्जीवरील कडू औषधाच्या काही गोळ्यांत या तत्त्वाचा उपयोग केला जातो. दुसरा मार्ग आयन-विनिमय राळेचा. अनेक कडू औषधे धनभारित असतात. ती ऋणभारित राळेच्या कणांना बांधून ठेवता येतात. लाळेत आयनांचे प्रमाण कमी आणि तोंडातील वास्तव्य क्षणिक, म्हणून बंध सहसा टिकतो. जठरात हायड्रोजन आयनांची रेलचेल असते. ते राळेवरील जागा घेतात आणि औषध मोकळे होते.

४.३ रेणूचे रूप बदलणे : औषधाला मेदाम्लाची अथवा अन्य आम्लाची जोड देऊन त्याचे पाण्यात जवळजवळ न विरघळणारे एस्टर बनविले की चव नाहीशी होते, पुढे शरीरातील विकरे ती जोड तोडतात. मुलांच्या जुलाबावर दिल्या जाणाऱ्या मेट्रोनिडाझोलच्या पातळ औषधात प्रत्यक्षात मेट्रोनिडाझोल बेंझोएट असते. अधिकचा भाग जोडलेला असल्यामुळे २०० मिलिग्रॅम मेट्रोनिडाझोलसाठी ३२० मिलिग्रॅम बेंझोएट घ्यावे लागते.

४.४ कणांवर आवरण : औषधाच्या बारीक कणांवर बहुवारिकाचा पातळ पापुद्रा चढविणे ही सर्वांत खात्रीची पद्धत होय. यासाठी विस्कॉन्सिन विद्यापीठातील डेल वुर्स्टर यांनी १९५० च्या दशकात विकसित केलेले तंत्र आजही वापरले जाते. त्यात उष्ण हवेच्या झोताने कण उसळते ठेवून त्यांवर द्रावणाचे तुषार सोडतात. कण हवेतच वाळतो. येथे बहुवारिकाची निवड मोठ्या चातुर्याने केली जाते. लाळेचा सामू, म्हणजे ज्याला आपण पीएच म्हणतो तो, साधारण ६ ते ७ च्या आसपास असतो. ॲमिनो गट असलेली काही मेथाक्रिलेट बहुवारिके सामू ५ च्या खालीच विरघळतात. म्हणजेच तोंडात ती बंद राहतात आणि जठरात पोहोचताच उघडतात.

५. संरक्षक आवरण : जठरात बंद, आतड्यात खुले

काही औषधांच्या बाबतीत याच्या नेमके उलटे हवे असते. जठरातील आम्लात ओमेप्राझोल काही मिनिटांतच नष्ट होऊ लागते. विरोधाभास असा की जठरातील आम्ल कमी करण्यासाठीच ते दिले जाते. आणि त्यासाठी ते आम्लातून सुखरूप पार होऊन लहान आतड्यात शोषले जावे लागते. पचनाची विकरेही अशीच आम्लाने निकामी होतात. डायक्लोफेनॅकसारख्या औषधांच्या बाबतीत जठराच्या अस्तराचे औषधापासून रक्षण करावयाचे असते.

हॅम्बुर्गचे त्वचारोगतज्ज्ञ पाउल उन्ना यांनी १८८४ मध्ये गोळ्यांवर केराटिनचा लेप देण्याची कल्पना मांडली. केराटिन हे केस व शिंगे यांतील प्रथिन जठरात पचत नाही, हा त्यामागील तर्क होता. ते आतड्यातही नीट विरघळत नाही, ही त्याची उणीव. लाख आम्लात टिकते. परंतु ती विरघळण्यास सामू ७ च्या आसपास जावा लागतो आणि साठवणीत ती अधिकच अविद्राव्य होत जाते. विसाव्या शतकात आलेली सेल्युलोज ॲसिटेट थॅलेट व मेथाक्रिलिक आम्लाची सहबहुवारिके यांनी हा प्रश्न पुष्कळसा सोडविला.

त्यांचे कार्य शालेय रसायनशास्त्राने समजू शकते. या बहुवारिकांच्या साखळीवर कार्बोक्सिलिक आम्लाचे गट असतात. जठरातील तीव्र आम्लात ते गट भाररहित असतात, म्हणून साखळी पाण्यात विरघळत नाही. लहान आतड्यात सामू ६ च्या आसपास जातो. गटांतील हायड्रोजन आयन सुटतात, साखळीवर ऋणभार येतो, भारित भाग एकमेकांना दूर लोटतात आणि पाणी आत शिरून पापुद्रा विरघळतो. गटांचे प्रमाण बदलून पापुद्रा सामू ५.५, ६ किंवा ७ ला उघडेल अशी योजना करता येते. मोठ्या आतड्याच्या दाहावरील मेसालाझिनच्या काही गोळ्यांवर सामू ७ ला उघडणारे आवरण असते, ते याच कारणाने.

चव झाकणे, ओलाव्यापासून बचाव व ओळख यांसाठी आज बहुतेक गोळ्यांवर साधे पटलावरण असते. पटलावरण असलेली पहिली व्यापारी गोळी १९५४ मध्ये अमेरिकेत बाजारात आली. पाण्यात विरघळणारे सेल्युलोजचे संयुग, लवचिकतेसाठी एखादे मृदुकारक द्रव्य आणि रंगद्रव्य एवढेच घटक त्यास लागतात. गोळीचे वजन साधारणपणे २ ते ३ टक्केच वाढते आणि दिवसांचे काम तासांवर येते. पांढरेपणासाठी वापरले जाणारे टायटॅनियम डायऑक्साइड युरोपीय संघाने २०२२ मध्ये खाद्यपदार्थांतून वर्ज्य केले. औषधांत मात्र त्याचा वापर चालू आहे.

६. आवरणाची कसोटी

औषध दडविणे हे निम्मे काम; योग्य जागी ते मोकळे होणे हे उरलेले निम्मे. हे न झाल्यास काय होते याचे बोधप्रद उदाहरण क्लोरॅम्फेनिकॉलचे आहे. विषमज्वरावरील हे प्रतिजैविक अतिशय कडू असल्याने मुलांसाठी त्याचे पामिटेट एस्टर तयार करण्यात आले. चवीचा प्रश्न सुटला. परंतु या एस्टरचे स्फटिक एकाहून अधिक रूपांत असतात आणि त्यांपैकी सर्वांत स्थिर असलेल्या ‘ए’ रूपातून रक्तात फारच कमी औषध पोहोचते, असे १९६० च्या दशकातील संशोधनातून स्पष्ट झाले. बाटलीवरील मात्रा बरोबर, चव उत्तम, आणि तरीही रुग्णाला औषध मिळाले नाही असे होऊ शकते. म्हणूनच औषधकोशांनी ‘ए’ रूपाच्या प्रमाणावर मर्यादा घातली.

एंटेरिक गोळ्यांसाठी औषधकोशांची कसोटी शरीरातील प्रवासाचीच छोटी प्रतिकृती आहे. गोळ्या प्रथम दोन तास हायड्रोक्लोरिक आम्लाच्या सौम्य द्रावणात ठेवतात. त्या फुटता कामा नयेत, त्यांना तडाही जाता कामा नये. नंतर त्या सामू ६.८ च्या फॉस्फेट द्रावणात ठेवतात. तेथे त्या तासाभरात विखुरल्या पाहिजेत.

आवरणाची मर्यादाही सांगितली पाहिजे. ॲस्पिरिनच्या गोळीवर एंटेरिक आवरण असले म्हणजे जठरव्रणाचा धोका टळला, असा समज आढळतो. ॲस्पिरिनचा जठरावरील दुष्परिणाम केवळ प्रत्यक्ष स्पर्शाने होत नाही. रक्तात शोषले गेल्यावर ते जठराचे रक्षण करणाऱ्या प्रोस्टाग्लँडिनांची निर्मिती रोखते. आवरण स्पर्श टाळते, रक्तमार्ग अडवीत नाही.

७. पहारा उठल्यानंतर

कडूपणा हा पहारा असेल, तर रुचिगोपन म्हणजे तो पहारा हेतुपुरस्सर चुकविणे होय. त्यातून येणारी जबाबदारी औषधशास्त्राच्या इतिहासाने फार मोठी किंमत घेऊन शिकविली आहे.

१९३७ मध्ये अमेरिकेत सल्फानिलामाइड या जंतुनाशक औषधाचे पातळ रूप रासबेरीच्या स्वादात विक्रीस आले. द्रावक म्हणून त्यात डायएथिलीन ग्लायकॉल वापरले होते. उत्पादकाने चव, रंग व वास पारखला. विषारीपणा पारखला नाही. शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांत अनेक बालके होती. या घटनेनंतर १९३८ मध्ये तेथे औषध विक्रीपूर्वी सुरक्षिततेचा पुरावा मागणारा कायदा झाला. हे द्रव्य चवीला गोडसर असल्यामुळे जीभ कोणताही इशारा देत नाही. दुर्दैवाने हा धडा पुनःपुन्हा गिरवावा लागला. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ मध्ये याच द्रव्याने दूषित ग्लिसरिनमुळे १४ रुग्ण दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली. गांबियातील बालमृत्यूंनंतर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दूषित सिरपांबाबत इशारा दिला. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात दूषित खोकल्याच्या औषधाने बालके दगावली. त्यांपैकी अनेकांवर नागपूरच्या रुग्णालयांत उपचार झाले होते. या सर्व घटनांत दोष रुचिगोपनाच्या तंत्राचा नव्हता, द्रावकाच्या निवडीचा अथवा तपासणीचा होता. परंतु जिभेचा पहारा जेथे उठविला आहे, तेथे प्रयोगशाळेतील तपासणी ही एकमेव राखण उरते; आणि ती चुकली की दुसरा अडसर नसतो.

दुसरा धोका घरातला आहे. अमेरिकेत १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुलांसाठी संत्र्याच्या चवीची ॲस्पिरिनची गोळी आली. मुलांना ती खाऊच वाटली आणि विषबाधेच्या घटना वाढल्या. मुलांना सहज उघडता येणार नाहीत अशी झाकणे बंधनकारक करणारा १९७० चा कायदा हा अशा अनुभवांचा परिपाक होता. ‘हे चॉकलेट आहे’ असे सांगून मुलाला औषध देणे म्हणूनच सोयीचे असले तरी योग्य नव्हे.

८. बालकांसाठी औषध : अलीकडील प्रगती

दीर्घकाळ बालकांना प्रौढांचीच गोळी तोडून, कुटून दिली जात असे. तोडल्याने मात्रा चुकते आणि कुटल्याने आवरण फुटून कडूपणा उघडा पडतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये बालकांच्या मापाची औषधे बनविण्याचे आवाहन केले. २०१५ च्या डिसेंबरात क्षयरोगावरील बालकांसाठीच्या एकत्रित गोळीची घोषणा झाली. रिफॅम्पिसिन ७५, आयसोनियाझिड ५० व पायराझिनामाइड १५० मिलिग्रॅम असलेली ही फळाच्या चवीची गोळी पाण्यात टाकताच विरघळून पसरते. तिचे उत्पादन मुंबईस्थित मॅक्लिऑड्स या कंपनीने केले. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश रुग्ण भारतात असल्याने या प्रगतीचे आपल्याला विशेष महत्त्व आहे.

एचआयव्हीबाधित बालकांचे उदाहरणही असेच आहे. लोपिनाव्हिर व रिटोनाव्हिर यांचे पातळ औषध अत्यंत बेचव होते, त्यात मद्यार्काचे प्रमाण ४० टक्क्यांहून अधिक होते आणि ते शीतपेटीत ठेवावे लागे. मुंबईच्याच सिप्ला कंपनीने प्रथम त्याचे बारीक दाण्यांचे रूप आणि पुढे ना-नफा तत्त्वावर चालणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेच्या सहकार्याने चार औषधांचे रुचिगोपित दाणे असलेली कॅप्सूल विकसित केली. कॅप्सूल उघडून दाणे अन्नावर किंवा दुधात टाकून देता येतात. दक्षिण आफ्रिकेने तिला २०२२ मध्ये मान्यता दिली. शीतपेटी नसलेल्या घरातील मुलाला औषध घेता येणे, हे या काही मायक्रॉन जाडीच्या पापुद्र्याचे श्रेय आहे.

९. व्यवहारातील व अध्यापनातील उपयोग

गोळी कुटून देण्याची सवय आपल्या घराघरांत आहे. वृद्धांना गिळता येत नाही, नळीवाटे अन्न देणाऱ्या रुग्णाला गोळी जाणार नाही, म्हणून खलबत्ता पुढे येतो. एंटेरिक गोळी कुटल्यास औषध जठरात नष्ट होते. मंदगतीने सुटणारी गोळी कुटल्यास दिवसभराची मात्रा एकदम रक्तात जाते, आणि रक्तदाबाच्या किंवा वेदनाशामक औषधांच्या बाबतीत हे जीवघेणे ठरू शकते. वेष्टनावर ‘गॅस्ट्रो-रेझिस्टंट’, ‘एसआर’, ‘ईआर’ अशी अक्षरे असल्यास ती गोळी डॉक्टर किंवा औषध-विक्रेत्याला विचारल्याशिवाय तोडू वा कुटू नये. ‘डीटी’ किंवा ‘डिस्पर्सिबल’ अशी अक्षरे असलेली गोळी मात्र पाण्यात पसरवून देण्यासाठीच बनविलेली असते. पातळ रूप, दाणे किंवा विरघळणारी गोळी असा पर्याय पुष्कळदा उपलब्ध असतो. तो मागितला पाहिजे.

वर्गात हे तत्त्व दाखविण्यास महागडी उपकरणे लागत नाहीत. पँटोप्राझोलची एक एंटेरिक गोळी व आवरण नसलेली पॅरासिटामॉलची एक गोळी घ्यावी. दोन्ही व्हिनेगरमध्ये ठेवल्यास पॅरासिटामॉलची गोळी लवकरच विखुरते. पँटोप्राझोलची तशीच राहते. नंतर ती कोमट पाण्यातील खाण्याच्या सोड्याच्या द्रावणात ठेवावी. हळूहळू तिचे आवरण मऊ पडून सोलवटते आणि गोळी फुटते. आम्ल-आम्लारी संकल्पना, बहुवारिके आणि पचनसंस्था हे तीन विषय एकाच पेल्यात विद्यार्थ्यांसमोर येतात. वापरलेल्या गोळ्यांची मोजदाद ठेवून त्या नष्ट करण्याची दक्षता शिक्षकाने घ्यावी.

१०. समारोप

रुचिगोपन आणि संरक्षक आवरण ही दोन तंत्रे नसून एकाच तत्त्वाची दोन रूपे आहेत : औषधाला नेमून दिलेल्या जागेआधी विरघळू न देणे आणि त्या जागी हमखास विरघळू देणे. तोंडात बंद व जठरात खुले, अथवा जठरात बंद व आतड्यात खुले, एवढाच फरक. या तत्त्वाच्या आधारे कडू औषध लहान मुलांपर्यंत पोहोचले आहे आणि आम्लात नष्ट होणारे औषध आतड्यापर्यंत. त्याच वेळी क्लोरॅम्फेनिकॉलच्या उदाहरणाने दाखविले की दडविलेले औषध दडलेलेच राहू शकते, आणि दूषित सिरपांनी दाखविले की गोडीआड विषही जाऊ शकते.

म्हणीतील कारले साखरेत घोळूनही कडूच राहिले, कारण साखर आणि कारले जिभेवर एकत्रच आले. आजच्या तंत्राने कारल्याचा स्वभाव बदललेला नाही. त्याची आणि जिभेची भेट तेवढी टाळली आहे. ती भेट टाळणारा पापुद्रा खलबत्त्यात फुटू नये, एवढी जाणीव आपल्या विद्यार्थ्यांमार्फत घरोघरी पोहोचविणे हे अध्यापकांच्या आवाक्यातील काम आहे.